गाणं बंद पडल्याच्या अकरा तक्रारी

बारक्याचं वजन ब्याण्णव किलो होतं आणि वय बावन्न. हे नाव त्याला थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तो तीन महिन्यांचा असताना ठेवलं होतं. पुढे त्याच्या अंगाने त्या नावाची कितीही थट्टा केली, तरी ते काही त्याला चिकटायचं सोडेना. लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत तो सव्वीस वर्षं काम करत होता. 'फक्त चार माणसे' अशी पाटी वाचून सोबतचे लोक त्याच्या पोटाकडे बघायला लागले की तो म्हणे, "मी एकटाच दीड आहे, पण दोर मीच बदललेत. बिनधास्त या."

त्याला दोन खोडी होत्या. पहिली गाण्याची. लिफ्ट बंद करून तो शाफ्टच्या तळाशी उतरला, की गुणगुणायला सुरुवात करी. त्या उभ्या, अंधाऱ्या पोकळीत आवाज दहा मजले चढून जातो आणि परत येतो, आणि येताना जरा सुधारून येतो, असं त्याचं म्हणणं. इमारतीतल्या लोकांना वाटे, पाण्याचा पाइप वाजतोय. दोन-तीनदा प्लंबरलाही बोलावणं गेलं होतं. ह्या गुणगुणण्यातून त्याची चाळीसेक गाणी तयार झाली होती, आणि ती घरातल्या माणसांना पाठ झाली होती, हौसेने म्हणा किंवा नाइलाजाने म्हणा.

दुसरी खोड धंद्यातून लागलेली. कुठेही गेला तरी तो आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवी. लग्न ठरायच्या वेळी मुलीच्या घरी गेला, तर बसता बसता त्याने विचारलं, "मागचं दार कुठे आहे?" मुलीच्या मामाच्या हातातला पेला तसाच राहिला. मुलगी मात्र हसली, आणि आज पंचवीस वर्षं झाली तरी ती गोष्ट ती पाहुण्यांना सांगते. ती एका शाळेच्या ग्रंथालयात कामाला आहे. पुस्तक आणि नवरा दोन्ही वेळेवर परत आले पाहिजेत, एवढीच तिची अपेक्षा.

आता ह्या खोडीवर हसणं सोपं आहे. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला, ती किती वेगाने वर चालली होती याचं काडीचंही कौतुक नसतं. त्याला एकच गोष्ट हवी असते. बारक्याने सव्वीस वर्षं ती माणसं बाहेर काढली होती, त्यामुळे हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

गाणं मात्र त्याला शिकवलं ताईने. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई पाळ्यांमध्ये कामाला जायची, म्हणून बारक्याला भरवणं, न्हाऊ घालणं, धपाटे घालणं हे सगळं ताईच्या वाट्याला आलं, आणि यातली प्रत्येक गोष्ट तिने गात गात केली. आता तिचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत फ्रेमांची कपाटं आणि डोळे तपासायचा तक्ता, मागच्या खोलीत लेन्स घासायचं यंत्र. बारीक अक्षर वाचणं आणि समोरच्याला वाचायला लावणं यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

याला कारण होतं. चोविसाव्या वर्षी ताईने एका कंपनीसाठी चार गाणी म्हटली होती. चाली तिच्याच. त्या दिवशी फोटो काढणारा घाईत होता, साहेब त्याहून घाईत होते, आणि 'पी हळद अन् हो गोरी' अशा थाटात तिच्यापुढे एक कागद सरकवला गेला. तिने सही केली. चाली कंपनीच्या, आवाज कंपनीचा, कायमचा, असं त्यात लिहिलं होतं. कॅसेट वर्षभर विकली गेली. मग कंपनीने ती बंद केली. पुढे एका घरगुती समारंभात ताईने त्यातलं एक गाणं म्हटलं, तर कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. मग ती कंपनी दुसरीने घेतली, दुसरी तिसरीत बुडाली, आणि ती चार गाणी नेमकी कुणाच्या कुलपात आहेत हे सांगणारंही कोणी उरलं नाही. तेव्हापासून अडतीस वर्षं ताई बाहेर कुठे गायली नाही. घरात गाई, यंत्र चालू असताना.

असं असताना एका रविवारी बारक्याने दुकानाच्या मागच्या खोलीत एक गाणं रेकॉर्ड करायला घेतलं. खोलीत भिंतीभर फ्रेमांच्या मऊ पेट्या रचलेल्या, त्यामुळे आवाज छान बसायचा. शब्द त्याचे होते, चाल ताईने कधीतरी लेन्स पुसता पुसता सुचवलेली. 'हळू उतर रे दिवसा, पायऱ्या अजून ओल्या आहेत,' असं त्याचं ध्रुवपद. बारक्याने पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तो श्वास घ्यायला थांबला, आणि कोपऱ्यात बसलेल्या ताईने, हातातला फडका न सोडता, ते कडवं उचललं.

बारक्याने माइक हळूच तिच्याकडे फिरवला. गाणं संपलं तेव्हा त्याची बायको दारात उभी होती आणि तिने चक्क डोळे पुसले.

"हे घरात ऐकायचं," ताई म्हणाली. "बाहेर नाही."

"ताई, अगं, लोकांनी ऐकायला हवं हे."

"लोकांनी ऐकलं होतं एकदा. मग ते काही माझं राहिलं नाही. बारक्या, आत जायचा रस्ता कोणीही दाखवतं. बाहेर यायचा दाखव, मग बोलू."

दुसऱ्या कोणाला हे बोलणं म्हणजे नकार वाटला असता. बारक्याला मात्र ते अगदी त्याच्या भाषेतलं वाटलं. घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "हिने नाही म्हटलेलंच नाही. हिने काम दिलंय."

काम असं होतं. गाणं रेकॉर्ड केलं म्हणजे ते आपोआप लोकांच्या फोनवर जात नाही. मध्ये एक वितरक लागतो. तो गाणं घेतो, इंटरनेटवरच्या सगळ्या संगीताच्या दुकानांत पोचवतो, कोणी किती ऐकलं ते बघतो आणि त्याबद्दल आपला वाटा घेतो. असे वितरक पैशाला पासरी आहेत, आणि ज्याला त्याला उद्याच तुम्हाला मोठं करायची घाई. बारक्याने त्यातले तीन निवडले आणि रजा टाकली.

पहिल्याचं ऑफिस चौदाव्या मजल्यावर, सगळीकडे काच. तिथली लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर थांबत होती, ते बारक्याने मनात नोंदवून ठेवलं. आत एक टापटीप तरुण सोफ्यावर बसला होता. "सर, तुमच्या आवाजात जादू आहे," तो म्हणाला. गाणं त्याने अजून ऐकलं नव्हतं.

"बाहेर कसं पडायचं?" बारक्याने विचारलं.

"लिफ्ट उजव्या हाताला आहे, सर."

"तुमच्या लिफ्टचं नंतर बोलू. करारातून म्हणतोय मी."

तरुणाने जणू घरातल्या कोणाबद्दल वाईट बोललं गेलं असावं असा चेहरा केला. आत यायच्या आधीच बाहेर जायची भाषा? आमच्याकडून कोणीच जात नाही, सर. बारक्या म्हणाला, कोणी जात नाही की कोणाला जाता येत नाही? तरुणाने त्याला अकरा पानांचा करार दिला आणि फार गोड हसला. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात. इथे दाखवायचे फारच पांढरे होते.

ताईने ती अकरा पानं भिंगाखाली घातली. नवव्या पानावर तिचं बोट थांबलं. करार सात वर्षांचा. सात वर्षं संपली की आपोआप पुढची सात. नको असेल तर ठरावीक एका महिन्यात पत्र पाठवायचं, आणि गाणं काढलं तरी त्याच्यावरचा हक्क कंपनीकडेच राहायचा. तिने ते पान डोळे तपासायच्या तक्त्याच्या जागी चिकटवलं, बारक्याला तीन मीटरवर खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "वाच."

"दिसत नाही गं."

"आणि सही करताना दिसलं असतं?"

दुसऱ्या वितरकाला ऑफिसच नव्हतं. सगळं फुकट आणि सगळं फोनवर. 'मला मान्य आहे' हे बटण तळहाताएवढं, काय मान्य आहे ते मात्र मुंगीच्या अक्षरात. बारक्याने संदेश पाठवून आपला एकुलता एक प्रश्न विचारला. उत्तर आलं, 'तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्याने सहा वेळा विचारलं. सहाही वेळा प्रश्न मोलाचाच होता. बायकोने मान्यतेच्या त्या मजकुराची नेटाने बत्तीस पानं वाचली आणि चष्मा काढला. "अहो, हे लोक तुमचं गाणं कुठल्याही जाहिरातीला वापरू शकतात. उद्या ताईंचा आवाज झुरळांच्या औषधाला लावतील, आणि आपण काही बोलूही शकणार नाही."

"मग फुकट कसलं?"

"फुकट त्यांना," बायको म्हणाली.

तिसऱ्याचा पत्ता होता बुटांच्या दुकानाच्या वर. एकच जिना, लिफ्ट नाही. बारक्या धापा टाकत वर पोचला. दोन टेबलं, एक खिडकी, आणि केस बारीक कापलेल्या एक बाई. त्यांच्या चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बारक्याने बसायच्या आधीच विचारलं, "तुमच्याकडून बाहेर कसं पडायचं?"

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी तीन पानांचा करार पुढे ठेवला. "हे पहिलं पान त्याचंच आहे. पूर्वी शेवटी होतं, पण शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, म्हणून पुढे आणलं. एक ईमेल करायची. कारण सांगायची गरज नाही. दहा दिवसांत गाणं सगळीकडून खाली येईल. गाण्याला एक ओळख क्रमांक मिळतो, तो तुमचा. दुसरीकडे गेलात तर तोच घेऊन जा, म्हणजे आतापर्यंत ऐकलेल्यांची नोंद पुसली जात नाही. गाणं, चाल, आवाज यातलं काहीच आमचं नाही. आम्ही फक्त पोचवतो, आणि त्यातून जे येईल त्यातला दहावा हिस्सा ठेवतो."

"आणि फसवायचंच असेल तर कुठे फसवाल?" बारक्या लिफ्टचे सुटे भाग विकणाऱ्यांनाही हे विचारायचा.

बाईंनी खरंच विचार केला. "हिशेबात. म्हणून तुम्हाला दर महिन्याला दुकानांचे मूळ कागद दिसतील, आमचे बनवलेले नाहीत. आणि एक आधीच सांगून ठेवते, आम्ही तुम्हाला प्रसिद्ध वगैरे करणार नाही. ते आम्हाला येत नाही."

हे शेवटचं वाक्य बारक्याला इतकं आवडलं की जिना उतरताना त्याने ते चालीवर म्हणून पाहिलं.

ताईने तीन पानं दोनदा वाचली. मग भिंग बदलून तिसऱ्यांदा. त्यात खोट सापडेना, आणि त्याचाच तिला राग आला. "कागद चांगला आहे. कागद काय, कसाही करता येतो. दाराचं चित्र काढलंय यावर. उघडतं का, ते कुठे दिसतंय?"

बायको म्हणाली, "ताई, दुधाने तोंड पोळलं म्हणून आता ताक फुंकून पिताय तुम्ही."

"फुंकते. जीभ माझी आहे."

बारक्या स्टुलावर बसून होता आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. असं हसू आलं की घरातले लोक सावध होत.

"ताई, नवीन लिफ्ट आम्ही लोकांच्या ताब्यात कशी देतो, माहीत आहे? आधी माणसं नाही बसवत. लोखंडी वजनं भरतो, खाली सोडतो, आणि मध्येच वीज तोडतो. मुद्दाम. ब्रेक लागला आणि दार हाताने उघडलं, तरच लिफ्ट चांगली. आपण तेच करू. गाणं आत टाकू. तुझं नाव घालायचं नाही. चाळीस दिवस चालू दे. एकेचाळिसाव्या दिवशी ते तोडायचं. पूर्ण बाहेर आलं तर बोलू. नाही आलं, तर पुन्हा ह्या विषयावर माझं तोंड उघडणार नाही."

ताईने भिंग खाली ठेवलं. अडतीस वर्षांत तिला गाण्याबद्दल पुष्कळांनी समजावलं होतं, धीर दिला होता, उपदेश केला होता. तपासून दाखवतो असं कोणी म्हटलं नव्हतं. "चाळीस," ती म्हणाली. "एकेचाळीस नाही."

गाणं गेलं. पहिल्या आठवड्यात ते सत्तावीस वेळा ऐकलं गेलं, त्यातल्या एकोणीस वेळा बारक्याच्या बायकोने. मग कोणा अनोळखी माणसाने संध्याकाळच्या गाण्यांची एक यादी केली आणि त्यात ते घातलं. आकडा शंभरावर गेला, मग दोनशेवर. ह्याला काही कोणी यश म्हणणार नाही. पण ज्या माणसाचं गाणं आजवर पाण्याचा पाइप म्हणून ओळखलं जात होतं, त्याच्यासाठी दोनशे म्हणजे गावजेवणच. बारक्या रोज सकाळी दाढीला साबण लावून आकडा बघे आणि साबण वाळून जाई.

चाळिसाव्या दिवशी आकडा होता चारशे बारा.

"चांगलं चाललेलं गाणं कोणी हाताने काढतं का?" बायको म्हणाली. "ताईंना सांगू, झालं, काढलं, परत टाकलं. त्या कुठे बघायला बसल्यात?"

बारक्याला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चांगलाच झाला. तो चहा होईपर्यंत फोन हातात धरून बसला. दुकानाच्या मागच्या खोलीतला तो आवाज कुठे कुठे वाजत होता, आणि त्याचं तोंड आपणच बंद करायचं होतं. पण ब्रेक न तपासता 'तपासला' असं लिहिणारे लोक त्याने पाहिले होते, आणि त्यांच्याशी तो बोलणंही टाळत असे. त्याने ईमेल केली. दहा मिनिटांत बुटांच्या दुकानावरच्या बाईंचा फोन आला.

"आमचं काही चुकलं का?"

"छे हो. ब्रेक तपासतोय."

"ब्रेक?" पलीकडून प्रश्न आला. मग बाई हसल्या, आणि खूप वेळ हसल्या. "बारा वर्षांत हे कोणी केलं नव्हतं. करा, करा. मलाही कळू दे."

गाणं एकेका दुकानातून उतरू लागलं. पहिल्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी पाच. ताईने स्वतःच्या फोनवर सगळी दुकानं उघडून ठेवली होती आणि गिऱ्हाईक गेलं की ती भिंग घेऊन एकेक तपासत होती. एक दुकान अडून बसलं. बाईंनी आपणहून फोन केला, त्यांच्या मागे लागलेय म्हणाल्या. नवव्या दिवशी तेही गेलं. ताईने गाण्याचं नाव टाकून शोधलं. काही नाही. बारक्याचं नाव टाकून शोधलं. काही नाही. जगाच्या पाठीवर कुठेही तिचा आवाज शिल्लक नव्हता, आणि तो तिच्याच शब्दावर बाहेर आला होता. बारक्याला वाटलं होतं ती खूश होईल. ती "बरं" म्हणाली आणि लेन्स घासायला आत गेली.

दहाव्या दिवशी बारक्या कामावर पोचला, तर तक्रारखिडकीवरच्या बाई कमरेवर हात ठेवून त्याची वाटच बघत होत्या. ह्या बाई म्हणजे कंपनीचा कणा. फोन उचलला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: इमारत कोणती, मजला कितवा, आत कोणी अडकलंय का? उत्तरं चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी कारागिराकडे द्यायची, आणि काम झाल्यावर तक्रार करणाऱ्याला फोन करून सांगितल्याशिवाय चिठ्ठी बंद करायची नाही. हा नियम त्यांनी मालकासाठीही कधी वाकवला नव्हता.

"हे काय आहे?" त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे नाचवला. "चार दिवस झाले, लोक फोन करतायत. म्हणे गाणं बंद पडलंय! मी विचारते कितव्या मजल्यावर, तर म्हणतात मजला नाही, फोनवर. बरं, आत कोणी अडकलंय का विचारलं, तर एक जण म्हणाला, हो, मी!"

बारक्याने कपाळावर हात मारला. वितरकाचा फॉर्म भरताना 'संपर्कासाठी क्रमांक' असा रकाना होता. सव्वीस वर्षं प्रत्येक लिफ्टच्या भिंतीवर, प्रत्येक पाटीखाली, प्रत्येक पावतीवर त्याने जो क्रमांक लिहिला होता, तोच हाताने सवयीने लिहून टाकला होता. गाण्याच्या पानावर चाळीस दिवस लिफ्ट कंपनीचा तक्रार क्रमांक झळकत होता, आणि ज्यांनी ते पान जपून ठेवलं होतं त्यांच्या फोनवर तो गाणं उतरल्यावरही दिसत होता!

"अकरा तक्रारी आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या वहीत चढल्यात, आता त्या बंद झाल्या पाहिजेत. कशा ते तुमचं तुम्ही बघा."

बारक्याने चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या चिठ्ठीलाच तो खाली बसला. मग त्याने आजच्या कामाची पिशवी सोबत्याकडे दिली, अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि चिठ्ठ्या छातीशी धरून, आपलं वजन विसरून, तो ताईच्या दुकानाकडे जवळजवळ पळत निघाला.

ताईच्या समोर एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते, नाकावर तपासणीची चौकट, एक डोळा झाकलेला. "चौथी ओळ वाचा," ताई म्हणत होती.

"ताई, आधी तू वाच," बारक्या धापा टाकत म्हणाला आणि चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या.

तिने वाचल्या. तक्रारखिडकीवरच्या बाईंचं ठसठशीत अक्षर, त्यासाठी भिंग लागलं नाही. 'इमारत: नाही. मजला: नाही. बिघाड: हळू उतर हे गाणे बंद. तक्रारदार बसचालक, शेवटच्या फेरीनंतर ऐकतात.' 'बिघाड: गाणे सापडत नाही. तक्रारदार म्हणतात, वडील हे गाणे लागल्याशिवाय औषध घेत नाहीत.' 'तक्रारदार फरशा पुसण्याचे काम करतात. गाणे एकदा वाजेपर्यंत एक मजला पुसून होतो. आता वेळ कळत नाही.' 'बिघाड: वरीलप्रमाणे. तक्रारदार विचारतात, दुसरे कडवे म्हणणाऱ्या बाई कोण? त्यांची आणखी गाणी आहेत का?' आणि त्याच्याखाली, त्याच अक्षरात, आणखी तीन चिठ्ठ्यांवर: 'त्या बाई कोण?' 'बाईंचे नाव काय?' 'त्या बाई बऱ्या आहेत ना?'

ताई अकरावी चिठ्ठी संपवून परत पहिलीवर आली. तिचे ओठ हलत होते.

"त्या वेळी," ती म्हणाली, "माझी गाणी बंद केली ना, तेव्हा मी वाट बघितली होती रे. कोणी तरी विचारेल, ती कुठे गेली म्हणून. वर्षभर बघितली. कोणी विचारलं नाही. मला वाटलं, ऐकतच नसतील कोणी."

"त्यांच्याकडे नंबर नव्हता, ताई," बारक्या म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं आणि तिला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता हसू, आणि ती दोन्ही एकत्र इतक्या मोकळेपणाने करत राहिली की खुर्चीतल्या गृहस्थांनी झाकलेला डोळाही उघडला.

"चौथी ओळ वाचू का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"थांबा हो जरा," ताई म्हणाली. तिने नाक पुसलं. "बारक्या, त्या चिकटपट्टीवाल्या बाईंना सांग, गाणं परत घाला. तोच क्रमांक. आणि तीन पानं आण, सही करते. त्यांना म्हणावं, चष्मा घेऊन या, काडी मी बसवून देते. आणि ह्या चिठ्ठ्या बंद कशा करायच्या?"

"तक्रार करणाऱ्याला फोन करून सांगायचं, काम झालं म्हणून. मी करतो."

"तू कशाला? विचारलंय माझ्याबद्दल."

तिने दुकानाचा फोन उचलला आणि गठ्ठ्यातून एक चिठ्ठी ओढून तिच्यावरचा क्रमांक फिरवला. पलीकडून फरशा पुसणाऱ्या बाईंचा आवाज आला, मागे बादलीचा खणखणाट.

"नमस्कार," ताई म्हणाली. "तुम्ही तक्रार नोंदवली होती, गाणं बंद पडल्याची. आठ-दहा दिवसांत चालू होईल. हो. नाही, लिफ्ट कंपनी नाही. ते दुसरं कडवं आहे ना, ते मी म्हटलंय."

पलीकडे विश्वास बसत नसावा. ताई जरा ऐकत राहिली. मग तिने फोन नीट कानाशी धरला, दुसरा हात टेबलावर ठेवला, आणि भर सकाळी, उघड्या दुकानात, रस्त्यावरची माणसं काचेतून बघत असताना, तिने ते कडवं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. बारक्या दाराला टेकून उभा होता. त्याने सूर लावायचा मोह आवरला, कारण ही पाळी त्याची नव्हती. बादलीचा आवाज थांबला होता.

कडवं संपलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

ताईने आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाली, "लिहून घेतलंत? बघू, वाचून दाखवा."